तांबट आळीचं देणं

जुनी गाडी पुन्हा उभी केली की लोक इंजिनाबद्दल विचारतात, रंगाबद्दल विचारतात, खर्चाबद्दल तर विचारतातच. पट्ट्यांबद्दल कोणी विचारत नाही. दारांवरून पुढून मागे जाणारी, बोटभर रुंदीची ती चकचकीत पट्टी नीट असली तर लक्षातही येत नाही. पोचलेली असली की मात्र कितीही भारी रंग मारा, गाडी आजारीच दिसते. आमच्या फियाटच्या डाव्या दारावरची पट्टी आज सरळ आहे. तिच्यात समोर उभ्या माणसाचा चेहरा न वाकता दिसतो. याचं श्रेय मला घेता येत नाही. ते कसबा पेठेतल्या एका तांबटकाकांचं आहे, ज्यांनी त्याआधी आयुष्यात कधी मोटारीच्या कामाला हात लावला नव्हता. आपलं नाव कुठे छापलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून ते लिहीत नाही. बाकी जे घडलं ते लिहून ठेवणं मला भाग आहे.

गाडी १९६६ची, फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. तिच्याआधी होती ती गोलसर पाठीची फियाट, जिला महाराष्ट्रात सगळे 'डुक्कर फियाट' म्हणत. आणि हेच डिलाइटचं रूप पुढे १९७४पासून पद्मिनी नावानं घरोघरी आणि टॅक्सी स्टँडवर पोचलं. वडील साताऱ्याकडे डॉक्टर. नव्या गाडीसाठी नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट पाहायची असा तो काळ, म्हणून त्यांनी जुनी घेतली. रात्री-अपरात्री वाड्यावस्त्यांवर व्हिजिटला जाताना दोन्ही बाजूंच्या बाभळी गाडीला घासायच्या. रविवारी सकाळी ते स्वतः जुन्या धोतराचा तुकडा घेऊन पट्ट्या पुसायचे. रंगावरचे ओरखडे त्यांना चालत. पट्टी मळलेली चालत नसे. दवाखान्याच्या हत्यारांची स्वच्छता आणि ही स्वच्छता त्यांच्या मनात एकच असावी. पुढे घराच्या फाटकाच्या दगडी खांबाला डावी बाजू लागली, दार डेंटरनं बाहेर काढलं, पट्टी मात्र तशीच चेपलेली राहिली. वडील गेल्यावर गाडी बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये होती. ती मी पुण्याला आणली तेव्हा तिच्या अंगावरचा प्रत्येक चमकता भाग काळवंडला होता.

तांबटकाकांकडे येण्याआधी अण्णांचं सांगायला हवं, कारण पहिलं देणं त्यांचं आहे. आमच्या सोसायटीत राहणारे हे निवृत्त टूलरूम फोरमन. मी पॉलिशचा डबा घेऊन बसलेला पाहून ते खाली आले आणि म्हणाले, "आधी धातू ओळखा. मग हात लावा." साठ वर्षांच्या गाडीवर मूळचं किती आणि मधल्या मालकांनी, मेकॅनिकांनी मिळेल ते बसवलेलं किती, हे वरून कळत नाही. चार पट्ट्या चार धातूंच्या असू शकतात. अण्णांनी खिशातून लोहचुंबक काढला. तो चिकटला नाही आणि पट्टी हातात अगदी हलकी लागली, तर अॅल्युमिनियम. हलकी नसली आणि चिकटलाही नाही, तर क्रोम चढवलेलं पितळ, जस्ताचं ओतीव काम किंवा चुंबक न धरणारं स्टेनलेस. चिकटला, तर लोखंडावर क्रोम. पण इथे त्यांनी बोट वर केलं. स्टेनलेस स्टीलच्याही काही जातींना चुंबक चिकटतो आणि गाड्यांच्या पट्ट्यांत त्याच जातीचं स्टील पुष्कळदा वापरलेलं असतं. म्हणून पट्टी उलटी करून पाठ बघायची. लोखंड असेल तर पाठीला गंज सापडतोच. पाठ मळकी पण निरोगी निघाली, तर स्टेनलेस.

अॅल्युमिनियमची आणखी एक परीक्षा त्यांनी दाखवली, ती मला फार आवडली. कारखान्यात अॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्यानं त्याच धातूच्या ऑक्साइडचा कडक थर चढवतात, त्याला अॅनोडायझिंग म्हणतात. हा थर वीज वाहू देत नाही. मल्टिमीटरच्या दोन टोकांनी पट्टीला स्पर्श करा. मीटर गप्प राहिला तर थर शाबूत आहे. अशा पट्टीवर कितीही पॉलिश घासलं तरी हात दुखतात आणि पट्टी होती तशीच धुरकट राहते, कारण धूसरपणा त्या थरात असतो आणि थर पॉलिशला दाद देत नाही. आधी कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणानं तो उतरवायचा. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवी. बुडबुडे येऊ लागले की लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं, नाहीतर खालचा धातूही खाल्ला जातो. मग पाणी लावून बारीक वॉटर पेपर, मग पॉलिश, आणि शेवटी मेण, कारण आता त्या धातूला पांघरूण उरलेलं नसतं.

बंपरच्या बाबतीत अण्णा अधिकच सावध होते. शोभेसाठी चढवलेला क्रोमचा थर मायक्रॉनच्या अर्ध्याहून फारसा जाड नसतो. त्याच्याखाली निकेल असतं, कधी त्याखाली तांबं. क्रोममधल्या न दिसणाऱ्या भेगांतून पाणी शिरतं, लोखंड गंजतं आणि तो गंज वर बारीक ठिपक्यांनी दिसतो. तिथे पॉलिश पेपर लावणं म्हणजे उरलंसुरलं क्रोमही घालवणं. चॉकलेटवरची अॅल्युमिनियमची चांदी चुरगळून पाण्यात बुडवायची आणि हलक्या हातानं फिरवायची. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे क्रोमला ओरखडा पडत नाही आणि ठिपके निघतात. माझा बंपर एवढ्यावरच बराच सुधारला. काही ठिकाणी निकेलचा पिवळसर रंग दिसतो, तो मी तसाच ठेवला आहे. सगळं उतरवून पुन्हा प्लेटिंग करावं असा आग्रह मला अनेकांनी केला. पण प्लेटिंगच्या आधी कारागीर बफवर धातू घासतात, त्यात मूळच्या धारदार कडा गोल होतात, मोनोग्रामवरची अक्षरं बसतात. खरोखर गरज नसताना ते करू नये असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं जमलं. अडली ती डाव्या दारावरची पट्टी. ती स्टेनलेसची होती, आणि मधोमध वीतभर लांबीत चेपलेली.

पट्टी दारावरून काढणंच कठीण होतं. आतल्या क्लिपा गंजून दाराच्या पत्र्याशी एकजीव झालेल्या. रंगावर टेप लावून, पातळ पाती सरकवून, एकेका क्लिपपाशी तेल सोडून, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडून, ती सरळ बाहेर ओढावी लागते. एका टोकाला धरून उचकटली की जिथे क्लिप धरून असते तिथे कायमची घडी पडते, आणि स्टेनलेसमधली घडी जात नाही. पट्टी निघाली. मग तिची जोडीदारीण शोधणं सुरू झालं. मंगळवार पेठेतला जुना बाजार पालथा घातला, कुर्ल्याच्या स्क्रॅपच्या दुकानांतून फिरलो. डिलाइटची एक पट्टी मिळाली तीही उजवी, आणि दोन तुकड्यांत. बफिंगवाल्यांनी पट्टी हातात घेऊन परत दिली. ते खरंच बोलत होते: चाक उंचवटाही चमकवतं आणि खड्डाही चमकवतं. चमकलेला खड्डा आधीच्यापेक्षा जास्त दिसतो.

आत्यानं मार्ग काढला. तिचं सासर कसबा पेठेतलं. मी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्याकडे चहाला गेलो होतो. तिनं ती पाहिली आणि म्हणाली, "अरे, पोचा तो पोचा. हंड्याचा काय आणि मोटारीचा काय? तांबटांकडे जा की!"

तांबट आळी तिच्या घरापासून चार पावलांवर. पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांची ही वस्ती. हंडे, घंगाळी, तपेली, बंब इथे घडले आणि पुण्याच्या घराघरांत गेले. आत्याच्या स्वयंपाकघरात दिवसभर त्या ठोक्यांचा आवाज येतो. थांबला की ती बाहेर येऊन बघते. तिनं स्वतः मला काकांच्या दाराशी नेलं, "हा माझा भाचा, याचं एवढं काम करा," असं मोठ्यानं सांगितलं आणि निघून गेली. मोठ्यानं अशासाठी की काकांना कमी ऐकू येत होतं. लहानपणापासून ठोक्यांच्या आवाजात बसलेल्या माणसाचे कान असे जातात. त्या आळीत त्याचं कोणाला नवल नाही.

काकांनी पट्टी उजेडात धरली, डोळा मिटून तिच्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "याला ताव देता येतो?"

तांब्याचं काम ताव दिल्याशिवाय होत नाही. ठोकत गेलं की तांबं कडक होतं. आणखी ठोकलं तर तडकतं. म्हणून मधे मधे भट्टीत लाल करून ते पुन्हा मऊ करायचं आणि पुढचे ठोके घालायचे. घाट येतो तो असा, ठोका आणि ताव यांच्या पाळीनं. स्टेनलेसही ठोक्यानं कडक होतं, पण त्याला तापवलं की पृष्ठभागावर आधी पिवळट आणि मग निळे डाग येतात, आणि असा पातळ पत्रा वाकडा होतो तो वेगळाच. मी त्यांच्या कानाशी वाकून हे सांगितलं. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे थंडच करायचं. कमीत कमी ठोक्यांत. जो ठोका बसला तो परत घेता येणार नाही."

मला आजही वाटतं की माझ्यावरचा त्यांचा खरा उपकार या गप्प बसण्यात होता. आयुष्यभराची विद्या ज्या एका गोष्टीवर उभी होती ती इथे चालणार नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं 'हे आमचं काम नाही' म्हणून पट्टी परत दिली असती तर त्यात काही गैर नव्हतं. त्यांनी ती परत दिली नाही. तावाशिवाय काय काय उरतं याचा त्यांनी तिथल्या तिथे विचार केला आणि त्या उरलेल्यातून काम उभं केलं.

मी घरून एक छोटी हातोडी नेली होती. ती त्यांनी पाहिली आणि पट्टीला हात लावण्याआधी मला तिचं तोंड घासायला बसवलं. हातोडीच्या तोंडावर जेवढा ओरखडा असेल तेवढा प्रत्येक ठोक्याबरोबर धातूवर उतरतो. मठारकामाची हातोडी आरशासारखी असते, म्हणून तर तांब्याच्या भांड्यावर त्या ठोक्यांची चमकती नक्षी उमटते. त्यांनी स्वतःच्या हातोड्या दाखवल्या. काही वडिलांच्या होत्या, दांडे बदललेले, तोंडं तीच. मी घासत असताना त्यांनी बाभळीच्या ओंडक्यात पट्टीच्या बाहेरच्या आकाराची खाच कोरली. पट्टी तीत पालथी घातली की तिचं तोंड खाचेत नेमकं बसायचं आणि पोकळ पाठ वर यायची. पाठीच्या दोन्ही कडा क्लिपा धरण्यासाठी आत वळलेल्या. हातोडी आत जात नव्हती. एका जुन्या छिन्नीची धार मोडून, तिचं टोक गोल आणि गुळगुळीत करून त्यांनी त्या अरुंद वाटेनं आत जाणारा ठसा तयार केला.

मग त्यांनी मला शिकवलं. मी खड्ड्याच्या तळाशी ठोका घालायला निघालो होतो. त्यांनी हात धरला. खड्डा तळातून उचलायचा नाही. धातू ताणला जातो, त्याला जायला जागा राहत नाही आणि पत्रा फुगून इकडून तिकडे टणटण उडायला लागतो. काठापासून सुरुवात करायची, जिथे पोचा सगळ्यात उथळ आहे तिथून. एक फेरी काठानं, मग थोडं आत, मग आणखी आत. तळापर्यंत पोचेतो तळ बराचसा आपोआप वर आलेला असतो. ठोके इतके हलके की मला ते ठोके वाटतच नव्हते.

आणि एक काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. पट्टी खालच्या लाकडाला टेकलेली असेल तर ठोक्याचा आवाज भरीव येतो. मधे पोकळी असेल तर पत्रा वाजतो. वाजत असताना ठोकलं तर धातू उगाच ताणला जातो. हा फरक तरुणपणी त्यांना झोपेतही कळला असता. आता कळत नव्हता. बोटांना कळायचं ते बरंच होतं, पण पुरेसं नव्हतं. म्हणून त्यांनी मला समोर बसवलं: "वाजलं की बोट वर करा." मी ऐकायचो, बोट वर करायचो, ते पट्टी केसभर सरकवायचे, पुन्हा ठोका. पावसाळा सरत आला होता. आळीत उन्हं येऊ लागली होती आणि आम्ही दोघं त्या एवढ्याशा पट्टीवर वाकलेले असायचो. शेजारच्या दुकानातले लोक येऊन उभे राहायचे. मोटारीच्या पट्टीसाठी म्हातारा एवढा वेळ का घालतोय, हे कोणी विचारलं नाही. त्यांना ते दिसत होतं.

पुढचं काम त्यांनी मला घरी दिलं. पट्टीवर निळ्या मार्करची शाई फासायची आणि बारीक दातांची कानस सपाट धरून अगदी हलकी फिरवायची. उंच भागावरची शाई जाते, खोलगट भागावरची राहते. राहिलेल्या निळ्या ठिपक्यापाशी मागून एकच टिचकी. पुन्हा शाई. डोळ्याला सरळ दिसणारी पट्टी किती वाकडी असते हे त्या शाईनं मला दाखवलं. मग वॉटर पेपर: २२०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते दिसतं. ४००च्या खाली २२०ची एक जरी रेघ राहिली तरी चाकावर गेल्यावर ती उजळ होऊन समोर येते. या टप्प्यावर पट्टी राखाडी आणि निस्तेज दिसते. स्टेनलेसवर आपण चमक चढवत नाही, ती त्याच्या आतच असते. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश विखुरण्याऐवजी एका दिशेनं परततो, एवढंच. स्टीलमधलं क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून अतिशय पातळ थर धरतं, तोच त्याला गंजू देत नाही, आणि घासून काढला तरी तो पुन्हा धरतो. म्हणूनच एवढं घासण्याचं धाडस या धातूवर करता येतं.

चाकाचं काम भोसरीच्या एका छोट्या शेडमध्ये झालं. तिथला बफिंग करणारा मुलगा बिहारचा. त्याचंही माझ्यावर देणं आहे. त्यानं पट्टी लाकडाच्या लांब पट्टीवर बांधल्याशिवाय चाकाजवळ आणू दिली नाही. मोटर मिनिटाला सुमारे २८०० फेऱ्या मारते; पट्टीची कड चाकाच्या तोंडाला अडली तर चाक ती हिसकावतं, आणि क्षणात लोखंडी वेटोळं उरतं किंवा ते वेटोळं माणसाच्या पोटात जातं. धरायचं चाकाच्या खालच्या अंगाला, आणि कड नेहमी चाक ज्या दिशेनं सोडून जातं त्या दिशेला. आधी घायपाताच्या दोऱ्याचं कडक चाक आणि काळी वडी, मग सुती कापडाचं मऊ चाक आणि क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी. अॅल्युमिनियमला लावलेलं चाक त्यानं स्टीलला लावलं नाही. दोन्हींचं पीठ एकत्र साठणं धोक्याचं. एवढं सगळं जाणणाऱ्या त्या मुलाच्या नाकावर फक्त रुमाल होता, आणि तो काळा झालेला. गाड्यांच्या प्रदर्शनात चकाकीसमोर उभं राहून फोटो काढणाऱ्या आपण सगळ्यांनी त्या रुमालाचा विचार करायला हवा. मी त्याला चांगल्या प्रतीचे मास्क नेऊन देतो, आणि पुढच्या खेपेला ते वापरले का हे विचारतो. तो हसतो. मी तरी विचारतो.

पट्टी दारावर बसली त्यानंतर मी काकांना गाडीतून आळीबाहेर फिरवून आणलं. लक्ष्मी रस्त्याची गर्दी, शनिवारवाडा, यांत त्यांना रस नव्हता. गाडीतून उतरल्यावर ते दारापाशी उकिडवे बसले आणि पट्टीत आळीतल्या समोरच्या घराची खिडकी कशी दिसते ते पाहत राहिले. खिडकीची उभी रेघ पट्टीभर कुठे लचकते का, हे ते तपासत होते. मग मागच्या टोकाजवळ बोट ठेवून म्हणाले, "इथे आहे." मला दिसतही नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा काढू या. त्यांनी नखानं टिचकी मारली, पण ऐकायचं मला सांगितलं. आवाज उथळ होता. "इथे पत्रा उरलेला नाही. इथे आता हात लावायचा नाही."

मजुरी त्यांनी घेतली, दिवसाच्या हिशेबानं, मोजून. ती घेतली याचं मला बरं वाटतं. कामाचं मोल त्यांना ठाऊक होतं. पण मजुरी झाली ती ठोक्यांची. स्वतःच्या बहिऱ्या कानांची जागा त्यांनी मला दिली, आपल्या वडिलांच्या हातोडीचं तोंड कसं राखायचं ते दाखवलं, याची मजुरी कुठल्या हिशेबात धरायची ते मला सापडलेलं नाही. आत्यानं माझ्या हातून तिचा जुना बंब त्यांच्याकडे दुरुस्तीला पाठवला, घरातली तांब्याची भांडी आम्ही तिथूनच घेतो, ओळखीच्यांना पाठवतो. यानं फिटतं असं नाही.

काका आता नाहीत. त्यांचा मुलगा दुकान चालवतो. हॉटेलांची आणि शोभेची कामं जास्त, हंडे कमी. बाभळीचा तो ओंडका त्यानं मला दिला. उजव्या दारावरच्या पट्टीला तो लागेल. तिलाही एक पोचा आहे, लहान, आणि तो काढायला मुलगाच बसणार आहे. ऐकायला मी असेन.

डाव्या पट्टीबद्दल मी माझ्या मुलीला सांगून ठेवलं आहे, कारण पुढे गाडी तीच चालवणार. साध्या साबणाच्या पाण्यानं धुवायची, मऊ कापडानं कोरडी करायची, पावसाळ्याआधी मेण लावायचं. मागच्या टोकाजवळ चार बोटं जागा आहे, तिथे कापडसुद्धा दाबून फिरवायचं नाही, आणि ही पट्टी पुन्हा चाकावर न्यायची नाही.